तिसरा खंड संपेपर्यंत

१७ नोव्हेंबर १९६४, मंगळवार. सातारा

आला! तिसरा खंड वाचनालयात आला. आणि पहिल्यांदा कुणाच्या हाती पडला? — आप्पासोंच्या!

अकरा वर्षे. दुसरा खंड संपला तो असा: मथुरेचा नवरा वामनराव नोकरीसाठी रंगूनला गेलेला, तिकडे लढाई पेटली, पत्रे बंद. घरचे म्हणतात कुंकू पूस, ही म्हणते नाही. आणि शेवटच्या पानावर भर दुपारी दारावर थाप. मथुरेने कडीवर हात ठेवला — की 'दुसरा खंड समाप्त'! तेव्हापासून ती बाई कडीवर हात ठेवून उभी आहे आणि तिच्या मागे आम्ही सगळे वाचक उभे. दरम्यान एक पंचवार्षिक योजना सुरू होऊन संपली, कोयनेला धरण झाले, माझे पुढचे केस गेले. पण आमच्या लेखकमहाशयांना एक दार उघडायला सवड झाली नाही.

आप्पासो म्हणजे निवृत्त मामलेदार. वाचायला बसतात ते पेन्सिल घेऊन, जणू समोर कादंबरी नसून कुळाचा अर्ज आहे. समासात शेरे मारतात. 'असहमत.' 'बाई मूर्ख.' इथवर ठीक. पण त्यांचा आवडता शेरा — 'हा पुढे मरतो.' गेल्या वर्षी एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याच्या नावाखाली रेघ ओढून ठेवली होती. यावरून गावात अजून दंगल कशी झाली नाही, हे वार्ताहर असूनही मला कळलेले नाही.

त्यांच्यानंतर नंबर माझा. देवा!

१९ नोव्हेंबर

उमावहिनींचे कार्ड, सांगलीहून. गंगाधरचा आवाज गणपतीत बसला तो अजून उठलेला नाही. इस्पितळात ठेवले आहे. 'भावोजी, जमल्यास येऊन जावे.'

जमल्यास! वहिनी असे कधी लिहीत नाहीत. उद्या पहिल्या एस.टी.ने.

२० नोव्हेंबर. सांगली

लिहावेसे वाटत नाही. तरी लिहितो.

वाईच्या पाठशाळेत आम्ही सगळे एका सुरात पाठ म्हणत असू, पण बाहेर रस्त्यावर ऐकू जायचा तो एकटा गंगाधर. पुढे मी बातम्या लिहू लागलो — म्हैस विहिरीत पडली, सभापतींनी उद्घाटन केले — आणि तो इथे हायस्कुलात संस्कृत शिकवू लागला. संध्याकाळी देवळात पुराण सांगतो. बायका घरची कामे टाकून येतात ते काही पुराणासाठी नव्हे, त्या आवाजासाठी. कादंबरीचे पहिले दोन्ही खंड त्यानेच मला वाचून दाखवले होते. मी नुसता ऐकणारा, आणि अधूनमधून चहा मागणारा.

आज त्या गळ्यातून कागद फाटल्यासारखा आवाज आला. "ये चिंत्या."

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. गाठ आहे. कॅन्सर. स्वरयंत्र काढावे लागेल. "आत्ता काढलं तर माणूस वाचेल. आवाज मात्र कायमचा जाईल. तुमचे मित्र नाही म्हणताहेत."

आत येऊन मी म्हटले, "गंगाधर, शहाणपणा कर."

"आवाज काढून घेतल्यावर उरेल तो गंगाधर कसला?" मग, "तिसरा खंड आला ना?"

"आला."

"आधी तो. मग बघू."

"अरे, पुस्तक कुठे पळून जातंय—"

"मी टेबलावर गेलो नि परत आलोच नाही तर? दार उघडल्याशिवाय मी मरायचा नाही. तू वाच, मी ऐकतो. एक ओळ गाळायची नाही. आणि तू पुढचं वाचून यायचं नाही. तुझ्या तोंडावर सगळं छापून येतं."

डॉक्टर दाराशीच होते. "पुस्तक केवढं आहे?"

"सहाशेच्या वर पानं."

त्यांनी कपाळाला हात लावला. कुंभकोणमला जाऊन देवदर्शन करायचे म्हणून त्यांचा एक पेशंट असा अडून बसला होता म्हणे, पण कादंबरीसाठी कुणी अडलेले त्यांनी पाहिले नव्हते. म्हणाले, "दहा डिसेंबर. त्यापुढे गेलात तर मी हात लावणार नाही. लावण्यात अर्थही उरणार नाही."

कादंबरी हे निमित्त आहे, हे मला कळते. त्यालाही कळते. पण दुसरे कुठले दार त्याने उघडेच ठेवलेले नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार. सातारा

आप्पासोंच्या घरी सकाळीच धडकलो. सगळी हकीकत सांगितली. माणूस वाईट नाही. पुस्तक लगेच आणून दिले, डोळ्यांत पाणीही आले. आणि मग तोंड उघडले!

"चिंतोपंत, आजारी माणसाला वाचून दाखवताय म्हणून एक सांगून ठेवतो, तो वामनराव—"

मी जोड्यांत पाय घालायला थांबलो नाही. जोडे हातात घेऊन पळालो. कोपऱ्यावर टांगेवाल्याने विचारले, "कुत्रं लागलंय का पाठी?" म्हटले, "त्याहून वाईट. मामलेदार."

घरी येऊन पहिले पान उघडले. समासात पेन्सिलीने: 'हे सर्व पुढे खोटे ठरते.' पुस्तक मिटले.  सहाशे पाने अशा सुरुंगांतून कशी ओलांडायची? आणि मोठ्याने वाचताना गंगाधर उशीवरून वाकून बघणार, नक्की.

सौ. म्हणाली, "आणा इकडे." खोडरबर घेऊन ओसरीवर बसली. जेवणापर्यंत पुसत होती, जेवणानंतरही पुसत होती. काही शेरे ओली करून लिहायच्या पेन्सिलीचे, ते जाईनात. मग खळ केली आणि माझ्याच वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून त्यांवर चिकटवल्या. आता मथुरेच्या दुःखाशेजारी 'जावळी तालुक्यात टंचाई' असा मजकूर आहे. एकूण शोभतो.

म्हणजे सौ.ला सगळे ठाऊक झाले. दिवे लावायच्या सुमाराला शेवटच्या पानांशी पोचली, तेव्हा मी मुद्दाम परसात जाऊन उभा राहिलो. आत आलो तर पुस्तक फडक्यात बांधलेले, आणि तिचे डोळे लाल.

"काही बोलू नकोस!" मी ओरडलो.

"विचारलंय कुणी?" म्हणाली. पण नाक पुसले.

हे न बोलणेच किती बोलले!

२४ नोव्हेंबर. सांगलीच्या वाटेवर, मग सांगली

संपादकांना तार: 'आप्त अत्यवस्थ. रजा.' उत्तराची वाट पाहिली नाही.

एस.टी.त पुढच्या बाकावर दोन प्राध्यापक. कराड येईपर्यंत सरकारला शिव्या देत होते, ते ठीक होते. कराड सोडल्यावर एकाने विचारले, "तिसरा खंड वाचलात का हो?" दुसरा म्हणाला, "वाचला ना! शेवटी काय केलंय—"

मी डोळे मिटले आणि संध्येतली चोवीस नावे मोठ्याने म्हणू लागलो. केशवाय नमः! नारायणाय नमः! ते जरा थांबले. मी दामोदराय नमःपर्यंत आलो की पुन्हा सुरू. मी पुन्हा केशवापासून. सगळी गाडी माझ्याकडे बघू लागली. शेजारच्या म्हातारीने लेकाला सांगितले, "बिचाऱ्याला गाडी लागती वाटतं. खिडकी द्या रं त्येला." खिडकी मिळाली. इस्लामपूरला प्राध्यापक उतरले. जाताना एकाने मला नमस्कार केला.

हसू येते आहे, लिहिताना. इस्पितळात पाऊल टाकेपर्यंतच येत होते.

२५ नोव्हेंबर

दार उघडले!

दारात वामनराव नाही. वामनरावाची छत्री घेऊन आलेला एक परका माणूस. रंगूनहून पायी निघालेल्यांत दोघे बरोबर होते, वाटेत ताटातूट झाली. छत्री राहिली याच्याकडे.

गंगाधर हसला. आवाज नाही, नुसते खांदे हलले. "अकरा वर्षं थांबवून छत्री दिली रे लेकाच्यानं!"

शेजारच्या खाटेवर हिंदुराव म्हणून एक आहे, मलकापूरचा. उसाच्या गाडीखाली पाय सापडला, तो पाय आता वर टांगलेला. तोही ऐकत होता. म्हणाला, "छत्री हाय म्हंजी मानूस बी आसंल की वं. आपली छत्री कोन सोडतंय?"

चांगली पाने झाली. असेच चालले तर वेळेच्या आत होईल.

२७ नोव्हेंबर

असे चाललेले नाही.

तो थांबवतो. "हे पुन्हा वाच." "इथे 'तथापि' का घातलंय?" "हे वर्णन एकदा आणखी." काल एका संध्याकाळच्या वर्णनावर त्याने अर्धी दुपार घालवली. मी म्हटले, "गंगाधर, सूर्य मावळला एवढेच म्हणायचे आहे त्यांना." म्हणाला, "मग पुन्हा मावळव."

हिंदुराव वैतागला. "आवं मास्तर, त्यास्नी जरा म्होरं जाऊ द्या! ती बाई कवाधरनं कलकत्त्याच्या ठेसनावर बसलीया. उपाशी हाय!"

मथुरा नवऱ्याला शोधायला कलकत्त्याला पोचली आहे. आम्ही तिच्याबरोबर स्टेशनवर.

२८ नोव्हेंबर

आज उमजले. हा रस घेत नाही, हा वेळ काढतो आहे. पुस्तक संपू नये असा त्याचा बेत आहे. मी त्या लेखकाशी, आप्पासोंशी, सगळ्या जगाशी शर्यत लावून बसलो होतो. शर्यत खरी आहे ती उशीवर टेकलेल्या या माणसाशी. आणि त्याच्याजवळ हरण्याचे कारणच नाही — हरला की आवाज जाणार.

२९ नोव्हेंबर, रविवार

माझ्याच वर्तमानपत्राने घात केला! रविवारच्या अंकात तिसऱ्या खंडाचे परीक्षण, ठळक मथळ्याचे. मथळ्यातच अर्धे सांगितलेले असणार. मी तो अंक वॉर्डात शिरताना पाहिला — हिंदुरावाच्या मेहुण्याच्या हातात, चुरमुऱ्यांची पुडी होऊन. चुरमुरे ओतून घेतले, अंक बोळा करून खिशात घातला. मेहुणा म्हणाला, "आवं, त्यात माझी चटनी हाय!" चटणीसकट खिशात. सदरा गेला.

इतका पराक्रम करून आत आलो, तर गंगाधर कुशीवर वळलेला. "आज नको. दमलोय."

तो दमला नव्हता. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. वहिनी पदराने वारा घालत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

१ डिसेंबर

वहिनींनी व्हरांड्यात गाठले. "भावोजी, तुम्ही गाळून वाचा ना. त्यांना काय कळतंय?"

"त्याला कळतंय, वहिनी."

"पाया पडते तुमच्या."

गाळून पाहिले. दोन पाने एकदम उलटली, सफाईने, वाक्याला वाक्य जोडले. गंगाधरने डोळे न उघडता बोट वर केले. "चिंत्या, मध्यमपदलोपी वाचन चालणार नाही."

पाठशाळेत शिकवणारे गुरुजी परवडले.

३ डिसेंबर

माझाही घसा बसला. हिंदुराव म्हणतो, "आता दोगंबी येकाच खाटंवर निजा." त्याच्या बायकोने, पारूबाईने, घरून ज्येष्ठमध आणला. "आनी वाचा म्हनावं. आमच्या मालकास्नी पाय दुकायचा इसर पडतुया." तिच्या पाठोपाठ आणखी दोघीतिघी येऊन भिंतीशी टेकून बसतात. कुणाचा कोण पेशंट, मला अजून कळलेले नाही. मथुरेला वाटेत कुणी वाईट वागवले की कडाकडा बोटे मोडतात.

गंगाधरला हा श्रोतृवर्ग बघून बरे वाटते. त्याच्या पुराणाला यायच्या तशाच या. मग मला खूण करतो — हळू. ऐकू दे सगळ्यांना.

हळू!

५ डिसेंबर

आज गंगाधरला पाणी गिळताना ठसका लागला तो थांबेना. डॉक्टर धावत आले. मागून मला म्हणाले, "अजून किती?" मी पुस्तक उभे धरून दाखवले, उजव्या हाताला जाडी बरीच होती. ते घड्याळ बघून गेले.

मनात आले, सरळ शेवटचे प्रकरण काढून वाचावे. सायंकाळी नदीकाठी बसून, इतके दिवस जिवापाड जपलेले व्रत मोडून, उघडलेच. पहिल्या दोन ओळींत चार नवी माणसे! कोण, कुठली, मथुरेला केव्हा भेटली? हे वाचले तर गंगाधर पहिल्याच नावाला पकडेल. तेवढ्यावरच मिटले. शेवट नाही पाहिला. पण सौ.चे ते लाल डोळे आठवले.

समजा, मी सगळी पाने वेळेत वाचून काढली. समजा, वामनराव मेलेला निघाला. तसे झाले तर हा भिंतीकडे तोंड करून निजेल आणि परत वळणार नाही. मी त्याला ओळखतो.

म्हणजे संपले नाही तरी मेलो, संपले तरी मेलो.

७ डिसेंबर

संपादकांचे पत्र. 'आपले आप्त बरे असतील अशी आशा आहे. जिल्हा परिषदेच्या बैठकीचा वृत्तांत कुठे आहे?' फाडून टाकले.

आज जेमतेम सात-आठ पाने. त्याला बसवत नाही. तरी म्हणतो, वाच.

८ डिसेंबर

माझा धीर सुटला. वाचता वाचता पुस्तक खाटेवर आपटले. म्हटले, "ही कादंबरी आहे गंगाधर, औषध नाही! तुला मरायचं असेल तर मर, पण माझ्या तोंडून शब्द काढून घेऊन मरू नकोस!"

 हिंदुरावाने मान खाली घातली. गंगाधरने माझ्याकडे पाहिले. मग अगदी हळू म्हणाला, "चिंत्या, आवाज गेल्यावर मी वर्गात जाऊन काय करू? फळा पुसू?"

मी पुस्तक उचलले आणि वाचू लागलो. दुसरे काय करायचे असते, मला माहीत नाही.

९ डिसेंबर, बुधवार

आज मी केले ते लिहून ठेवतो. कुणाला सांगणार नाही.

दुपारी डॉक्टर येऊन स्पष्ट बोलले. "उद्या सकाळी ऑपरेशन, नाहीतर परवा यांना घरी घेऊन जा." वहिनी उठून बाहेर गेल्या. गंगाधरने पुस्तकाकडे बोट केले.

पुस्तकाची अजून दोनशे पाने शिल्लक. मथुरा पूर्वेकडच्या कुठल्याशा नदीवर पोचलेली. पलीकडे छावणी आहे, तिथे रंगूनकडची माणसे आहेत असे तिला कळलेले. मी वाचले: 'मथुरेने पदर खोचला आणि ती होडीत चढली.'

आणि तिथे माझे डोळे पानावरच राहिले, तोंड मात्र पुढे गेले.

मी काय बोलत होतो? नदीला धुके घातले. होडी हलवली. नावाड्याच्या तोंडी चार शहाणपणाची वाक्ये दिली, कारण लेखकमहाशय नेहमी देतात. मधूनमधून पान उलटत होतो.  एक सामासिक शब्द तर घाबरून इतका लांब केला की त्याचे दुसरे टोक सापडेना. पलीकडच्या काठावर एक माणूस उभा केला. केस पिकलेले, पाय अनवाणी, डोक्यावर ऊन. मथुरा होडीतून उतरली.  मग ती म्हणाली, "छत्री आणलीय." त्याने छत्री घेतली, उघडली, आणि तिच्या डोक्यावर धरली.

"समाप्त," मी म्हणालो आणि पुस्तक मिटले. इतक्या जोरात मिटले की माझाच मी दचकलो.

भिंतीशी बसलेल्या बायका डोळे पुसत होत्या. हिंदुराव म्हणाला, "ब्येस झालं! लय ब्येस! म्या म्हनलंच हुतं, छत्री हाय तर मानूस हाय!"

गंगाधर डोळे मिटून पडला होता.  मी त्याच्या छातीकडे बघत होतो, वर-खाली होते की नाही.

"मागे बरीच पानं राहिलेली दिसतात," म्हणाला.

"शुद्धिपत्र आहे. आपल्या मुद्रकांची ख्याती तुला ठाऊकच आहे."

"असेल," म्हणाला. मग डोळे उघडून छताकडे बघत राहिला. "बरं झालं. भेटले." आणि काही वेळाने, "डॉक्टरांना हाक मार. सांग, येतो म्हणून."

मी व्हरांड्यात जाऊन हाक मारली. आवाज फुटला नाही. हात हलवून बोलावले.

सहा खंडांचे पुण्य आणि बारा खंडांचे पाप एकदमच माझ्या खात्यावर जमा झाले असेल. हिशेब कुणी करायचा तो करो.

१० डिसेंबर

सकाळी न्यायला आले. मी दाराबाहेर उभा होतो. आत फक्त वहिनी. त्याने आता बोलू नये, असे डॉक्टरांनी सांगितलेले. तरी ऐकू आले — फाटक्या, घोगऱ्या, पण त्याच जुन्या सुरात, पहिले अक्षर जरा लांबवून —

"उमा."

एवढेच. लग्नाला पंचवीस वर्षे झाली. मी त्याच्या तोंडून ते नाव कधी ऐकलेले नव्हते. 'अगं', 'ऐकलंस का', 'आमच्या घरात' — असेच. वहिनींनीही ऐकले नसावे. त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता, आणि तसाच राहिला. मग एकदम भिंतीला धरून खाली बसल्या.

तेवढ्यासाठी त्याने तो आवाज राखून ठेवला होता.

दुपार झाली, ऑपरेशनच्या खोलीचे दार उघडेना. मी बाकावर. मांडीवर पुस्तक, फडक्यात बांधलेले. उघडावेसे वाटले नाही.

११ डिसेंबर

जिवंत आहे. गळ्याला भोक, त्यात नळी. ओळखतो. माझ्याकडे पाहिले आणि डोळे मिटले.

१२ डिसेंबर

ताप चढला आहे. 

सारखे मनात येते — हा गेला तर माझे खोटे घेऊन जाणार. आयुष्यभर ज्याने मला एक चुकीचा शब्द चालू दिला नाही, त्याला मी अखेरीला कसली भाकड गोष्ट सांगितली! धुके काय, छत्री काय! आणि त्या भरवशावर तो टेबलावर चढला. आवाज त्याचा गेला, तो माझ्या थापेवर गेला. खरी पाने या फडक्यात पडून आहेत. त्याला ती ऐकायचा हक्क होता, मग ती कशीही असोत. वामनराव मेलेला असेल तर मेलेला.

हिंदुरावाला आज घरी सोडले. कुबड्या घेऊन मुद्दाम गंगाधरच्या खाटेपर्यंत गेला. "मास्तर, बरं व्हा. गावाकडं या. आमच्या पारावर बसून मी सांगतो समद्यास्नी ती गोष्ट. छत्रीची." गंगाधरने हात जोडले.

आता मलकापूरला माझा शेवट छापून झाल्यासारखाच.

१३ डिसेंबर, रविवार

ताप तसाच. वहिनी देवाला काय काय बोलल्या असतील ते त्यांनाच ठाऊक. मी काही बोललो नाही. माझ्या शब्दावर देवाने का विश्वास ठेवावा?

१४ डिसेंबर

पहाटे ताप उतरला. डॉक्टर पहिल्यांदाच हसले. वहिनींनी त्याच्या हातात पाटी आणि पेन्सिल दिली. बराच वेळ लिहीत होता. मला वाटले, पाणी मागत असेल. मग त्याने पाटी माझ्याकडे फिरवली.

'मथुरा होडीत चढली. तिथून पुढे वाच. लेखकाचे.'

शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा.